‘द जंगल’: एकाच कुटुंबावर एवढी संकटं, हे वास्तव की लेखकाचा हट्ट?

पानगळ:

नमस्कार मंडळी.

आमच्या वाचनगटाने या महिन्यात अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ घेतली आहे. कादंबरी १९०६ ची. शिकागोचे कत्तलखाने, तिथले मांस डबाबंद करणारे कारखाने आणि लिथुएनियातून पोट भरायला तिथे आलेलं एक कुटुंब. माझी वाचून झाली. गटात तिच्यावरून जोरदार वाद झाला आणि त्यात आपण कुणाच्या बाजूने आहोत हे मला अजून ठरवता येत नाहीये.

मुख्य आक्षेप असा. यर्गिस रुडकुस हा धिप्पाड, कामाला वाघ असलेला तरुण. त्याचा म्हातारा बाप कारखान्यात खंगून मरतो. त्याचा पाय मुरगळतो, नोकरी जाते. बायकोवर तिच्या कामावरचा मुकादम जबरदस्ती करतो. यर्गिस त्याला मारतो आणि तुरुंगात जातो. सुटून येतो तर घर दुसऱ्याच्या ताब्यात. त्यानंतर बायको बाळंतपणात जाते आणि पुढे लहान मुलगा रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यात बुडून मरतो. आमच्यातले एक जण म्हणाले, “या लेखकाने माणसं उभी केली ती फक्त मारण्यासाठी.” त्यांना सगळं ठरवून रचलेलं वाटलं. दुसरा आक्षेप शेवटावर आहे: शेवटची तीन-चार प्रकरणं म्हणजे समाजवादावरची भाषणंच आहेत, त्यात यर्गिस कुठल्या कुठे हरवून जातो.

मला स्वतःला पहिलं लग्नाचं प्रकरण फार आवडलं. नाच, व्हायोलिन, भरलेली ताटं. आणि सोबतीला खर्चाची धाकधूक. पाहुण्यांनी ऐपतीप्रमाणे पैसे घालायचे ही गावाकडची रीत, पण इथली तरुण पोरं खाऊनपिऊन, नाचून सटकतात. ते वाचताना पोटात खड्डा पडला. पण पुढे पुढे मीही थकले, हे खरं आहे.

तर माझा प्रश्न: वास्तववादी कादंबरी म्हणून ही टिकते का? की तिचं महत्त्व आता फक्त इतिहासापुरतं उरलंय? आणि गटात पुन्हा चर्चा करायची तर नेमकी कुठली प्रकरणं घ्यावीत?

अर्धविराम:

इतिहासापुरतं म्हटलंत तरी तो इतिहास लहान नाही, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी.

१९०४ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या मांस कारखान्यांतला मोठा संप फसला. त्याच वर्षी सिंक्लेअर तिथे जाऊन सुमारे सात आठवडे राहिला. वय जेमतेम सव्वीस. जुनेपाने कपडे घालून, हातात जेवणाचा डबा घेऊन तो कारखान्यांत हिंडायचा, कुणी त्याला हटकायचं नाही. कादंबरी आधी ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकात १९०५ मध्ये क्रमशः आली. पुस्तक छापायला बऱ्याच प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी ‘डबलडे, पेज’ने घेतलं, तेही आपला माणूस शिकागोला पाठवून मजकूर खरा आहे का याची खात्री करून घेतल्यावर.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी चार्ल्स नील आणि जेम्स रेनॉल्ड्स या दोघांना चौकशीला पाठवलं, त्यांच्या अहवालाने घाणीच्या वर्णनांना दुजोरा मिळाला, आणि ३० जून १९०६ ला मांस तपासणीचा आणि भेसळविरोधी असे दोन कायदे एकाच दिवशी झाले. चरबीच्या कढईत पडून मेलेल्या माणसांची जी गोष्ट कादंबरीत आहे, ती मात्र सिद्ध झाली नाही.

सिंक्लेअरचं स्वतःचं दुःख प्रसिद्ध आहे: आपण लोकांच्या काळजावर नेम धरला, लागला तो त्यांच्या पोटाला.

कादंबरी म्हणून माझं मत तुमच्या गटासारखंच आहे. पहिले दोन तृतीयांश ताकदीचे आहेत, पुढे लेखकाला घाई झालेली दिसते. शेवट तर मी चाळलाच. पण एका पुस्तकाने कायदा घडवला, एवढं पुरेसं नाही का?

जुना_मस्टर:

पानगळ, मी तुमच्या पहिल्या आक्षेपावर बोलतो, कारण तो मला मनापासून अमान्य आहे.

माझी सगळी नोकरी टाइम ऑफिसात गेली. हजेरी घ्यायची, खाडे मांडायचे, उशीर नोंदवायचा, ओव्हरटाइम काढायचा, कपाती लावून पगारपत्रक पुढे पाठवायचं. पगाराच्या दिवशी खिडकीशी आलेला कामगार एकूण रक्कम आधी बघत नाही, कपातीचा रकाना बघतो, हे मी कायम पाहत आलो. ‘द जंगल’ वाचतानाही माझी नजर तिथेच गेली. या कादंबरीत डुकरांची, रक्ताची, उंदरांची वर्णनं आहेत आणि लोकांना तीच लक्षात राहतात. मला लक्षात राहिली ती तिची आकडेमोड. ती इतकी चोख आहे की मी शेजारी कागद ठेवून हिशेब मांडत वाचली.

माझं म्हणणं एवढंच आहे: या कुटुंबाच्या जमाखर्चात घराच्या पहिल्या हप्त्यापासून तूट आहे. पुढची जवळजवळ सगळी संकटं त्या तुटीतून निघतात. दैव किंवा लेखकाचा हट्ट मध्ये आणायची गरजच पडत नाही.

यर्गिसला कत्तलखान्यात आतडी झाडून काढायचं काम मिळतं ते तासाला साडेसतरा सेंटवर. दहा तास भरले तर दिवसाला पावणेदोन डॉलर. गावाकडून आलेल्या माणसाला ही लॉटरीच वाटते. तेवढ्यात घराची जाहिरात येते. किंमत १५०० डॉलर, ३०० रोख, बाकीचे महिना १२ डॉलरने फेडायचे. भाडं भरण्यापेक्षा मालक होणं बरं, असा कुणीही करेल तो साधा विचार ते करतात. कागद इंग्रजीत, त्यांना वाचता येत नाही. वकिलाला दाखवतात, तो सगळं ठीक आहे म्हणतो. पुढे शेजारची म्हातारी सांगते की हप्त्यावर व्याज वेगळं आहे, सात टक्के.

आता बघा. १२०० डॉलरवर सात टक्के म्हणजे सुरुवातीला वर्षाचे ८४, महिन्याचे ७. म्हणजे हप्ता १२ चा नाही, १९ चा. हे वरचे ७ डॉलर म्हणजे यर्गिसची बरोबर ४० तासांची मजुरी. हे ४० तास त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हते. ते आणायचे कुठून? ज्याला अजून कामाला लावायचं नव्हतं त्याच्याकडून. ओना, जिला यर्गिस लग्नानंतर घरात ठेवणार होता, ती कामाला जाते. कामासाठी तिथल्या बाईच्या हातात गुपचूप दहा डॉलरची नोट सरकवावी लागते. ओनाचा चौदाएक वर्षांचा सावत्र भाऊ स्टॅनिस्लोवास, त्याच्यासाठी पाद्र्याकडून वय दोन वर्षं वाढवून दाखला आणतात आणि त्याला चरबीचे डबे भरायच्या यंत्रापाशी उभा करतात. तासाला पाच सेंट. व्याजाचे सात डॉलर भरायला या पोराला १४० तास उभं राहावं लागतं. लेखकाने ही १४० ची बेरीज कुठे केलेली नाही, ती मी केली. पण आकडे त्याने आपल्यासमोर ठेवलेत आणि ते जुळतात. रचून लिहिणाऱ्याचे आकडे असे जुळत नाहीत.

म्हातारा बाप, देदे अंतानास. त्याला त्या वयात कुणी काम देत नाही. शेवटी एक जण देतो, मजुरीचा तिसरा हिस्सा मला द्यायचा या बोलीवर. खारवणीच्या खोलीत ओलीतच उभं राहायचं. त्या खारट पाण्याने बूट खाल्ले, मग पाय खाल्ले. छातीत खोकला बसला. हा माणूस मेला तो लेखकाला दुःख हवं होतं म्हणून नाही. ते ४० तास कुठून तरी यायचे होते, म्हणून तो त्या खोलीत उभा होता.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. आठव्या प्रकरणात कामाच्या वेळेचे नियम आहेत. एक मिनिट उशीर झाला तर तासाची मजुरी कापायची, पण त्या तासाचं उरलेलं काम मात्र करून घ्यायचं. भोंग्याआधी दहा-पंधरा मिनिटं काम सुरू केलं तर त्याचे पैसे नाहीत. संध्याकाळी तास पूर्ण भरला नाही, पन्नास मिनिटं राबून जनावरं संपली, तर त्या पन्नास मिनिटांचेही पैसे नाहीत. याला ते मोडका वेळ म्हणायचे. आणि मंदीत सकाळी सातला हजर राहायचं, गारठ्यात ताटकळायचं आणि काम मात्र कधी कधी दोनच तास. म्हणजे ३५ सेंट. त्या दिवसाचा घराचा हप्ता, कोळसा, भाकरी सगळं त्या ३५ सेंटात.

मी काम केलं त्यातल्या एका कारखान्यात काही मिनिटांच्या उशिराला अर्धा तास कापायचा नियम होता. तो लावायचं काम माझं होतं. वहीत ती एक बारीक खूण असते. खिडकीपलीकडच्या माणसाला ती खूण म्हणजे काय हे मी रोज समोर पाहिलं आहे, म्हणून सांगतो: त्या आठव्या प्रकरणातलं एकही वाक्य अतिशयोक्तीचं नाही. एखाद्या लेखकाला कळवळा असतो, पण मोडक्या वेळेचा नियम कळवळ्याने सुचत नाही. तो कुणीतरी त्याला सांगितलेला असतो आणि त्याने तो जसाच्या तसा टिपलेला असतो. सात आठवड्यांत त्याने नुसती घाण पाहिली असती तर हे पान लिहिता आलं नसतं. तो त्यांच्या चुलीपाशी बसला आणि पैशाचं विचारलं. पैशाचं बोलायला माणसं सहसा तयार नसतात.

आणि आता तो मुरगळलेला पाय. कत्तलीच्या मजल्यावर एखादं जनावर सुटून धावायचं, माणसं जीव वाचवायला उड्या मारायची. यर्गिसचा घोटा तसाच दुखावतो. साधी दुखापत. पण भरपाई नाही, रजेचा पगार नाही, आणि बरा होऊन परतला तर जागा भरलेली. इथून पुढची साखळी बघा: खाडे, हप्ता थकायची भीती, मग कुणीच घेत नाही असं खताच्या कारखान्यातलं काम, त्याची दुर्गंधी आणि डोकेदुखी, त्यावर दारू. ओना तर त्याआधीच, पहिल्या बाळंतपणानंतर आठवड्यात कामावर गेलेली. मुकादमाने तिला धरलं ते कुठल्या धमकीवर? सगळ्या घरादाराची नोकरी घालवीन, या धमकीवर. ज्या घरात महिन्याची शिल्लक आहे तिथे ही धमकी चालत नाही. त्यांच्याकडे शिल्लक नव्हती, हे त्यालाही माहीत होतं.

एक कपात चुकली की पुढच्या सगळ्या ओळी चुकत जातात, तसं आहे हे. तुमच्या सभासदाला सांगा की एकेक संकट सुटं काढून बघा आणि त्याच्या आधीचा पैशाचा व्यवहार शोधा. बहुतेक ठिकाणी सापडतो. लहान मुलाचं बुडणं तेवढं मला अपघाती वाटतं. पण त्या वस्तीतले रस्ते भरावाचे, खोलगट आणि पाण्याने भरलेले आहेत हे लेखक सुरुवातीपासून दाखवत आला आहे.

अर्धविराम, तुमच्या कायद्याबद्दल. तो मांसाचा कायदा झाला, माणसांचा नाही. तपासणीचा खर्च कारखानदारांनी द्यावा असं सिनेटर बेव्हरिज यांचं म्हणणं होतं. कायदा झाला तेव्हा तो खर्च सरकारी तिजोरीवर गेला, वर्षाला ३० लाख डॉलर. तपासणीचा शिक्का मिळाल्यावर बड्या कारखान्यांचा परदेशी व्यापार सावरायला मदतच झाली. मोडका वेळ कुणी विचारला नाही. इलिनॉयमध्ये कामावर जखमी झालेल्याला भरपाईचा कायदा १९११ मध्ये आला, आणि देशभर किमान वेतन आणि बालमजुरीवर बंदी १९३८ मध्ये. स्टॅनिस्लोवासचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतं. कादंबरीत तो मोठा होतच नाही.

पानगळ:

तुम्ही ४० तास आणि १४० तास लिहिलंत ते वाचून मी पुन्हा घराचं प्रकरण काढलं. मी ते पहिल्यांदा ‘फसवणूक’ म्हणून वाचून पुढे गेले होते. आता व्याजाची ओळ वाचताना तो मुलगा डोळ्यांसमोर येतो.

पण काका, एक विचारते. हिशेब जुळला म्हणजे कादंबरी जमली का? यर्गिस माणूस म्हणून मला अजूनही पुसट वाटतो. त्याला काय आवडतं, तो कशाला हसतो, लग्नानंतर त्याने ओनाशी काय गप्पा मारल्या, यातलं काहीच मला सांगता येणार नाही. आणि शेवटाचं काय?

सावली:

मध्ये बोलते, कारण दोन गोष्टी अजून कुणी काढल्या नाहीत.

पहिली, बायका. यर्गिस पुसट आहे हे मान्य, पण भोवतीच्या बायका नाहीत. ओनाच्या नात्यातली मारिया आठवा. दांडगी, मोठ्या आवाजाची, लग्नात वाजवणाऱ्यांना थांबू न देणारी. ती डबे रंगवायचं काम धरते आणि हरखते. ते काम तिला मिळालं कसं? त्या जागेवर वर्षानुवर्षं राबलेली एक आयरिश बाई होती, घरी अपंग मुलगा, तिला क्षय झाला म्हणून तिला काढलं. ओनाच्या सावत्र आईचा भाऊ जोनास, त्याला ढकलगाडीचं काम मिळालं, कारण आधीचा माणूस गाडी आणि भिंत यांच्यात चिरडला. या घराच्या आनंदाचं प्रत्येक कारण दुसऱ्या कुणाच्या तरी नाशातून आलेलं आहे, आणि ते हळूहळू यांच्या लक्षात येतं. हे मला हिशेबापेक्षा जास्त लागलं. पुढे याच मारियाची मोजणीत फसवणूक होते, ती भांडते आणि काम जातं. शेवटी ती वेश्यागृहात सापडते आणि थंडपणे सांगते की पोरं उपाशी होती. त्या भेटीत लेखक तिच्या तोंडी एकही रडका शब्द घालत नाही.

आणि एल्झबिएटा, ओनाची सावत्र आई. ती सॉसेजच्या खात्यात लागते. कारखाना बघायला येणारे पाहुणे तिचे झरझर फिरणारे हात बघून थक्क होतात. सिंक्लेअर सांगतो की हातांवरून नजर वर नेली तर कपाळाच्या दोन आठ्या आणि पांढराफटक चेहरा दिसला असता. मग पाहुण्याला आठवतं की पुढे जायचंय. ती बाई तिथेच उभी. पानभराचा मजकूर आहे. कष्टाच्या कामाचं वर्णन कसं करावं याचा तो धडा आहे, कारण लिहिणाऱ्याला माहीत आहे की आपणही पाहुणेच आहोत.

दुसरी गोष्ट कडू आहे आणि ती लपवू नये. संपाच्या प्रकरणात दक्षिणेकडून आणलेले कृष्णवर्णीय कामगार येतात. त्यांच्याबद्दल सिंक्लेअर जे लिहितो ते किळस आणणारं आहे. जो लेखक लिथुएनियन माणसाच्या घरात शिरून त्याच्या चुलीचा खर्च मोजतो, तो या माणसांना एक नावसुद्धा देत नाही. त्यांना टोळी म्हणून, जवळजवळ जनावरं म्हणून रंगवतो. तीही गरिबीने गावातून उखडलेलीच माणसं होती. मालकाने संप फोडायला आणली, संप संपल्यावर बहुतेकांना हाकललं. यर्गिस स्वतः तो संप फोडणाऱ्यांत जातो. त्याच्या वागण्यामागची भूक लेखकाला दिसते आणि शेजारच्या काळ्या माणसाची दिसत नाही. गटात हे बोलायलाच हवं. वास्तववाद म्हणजे सगळं दिसलं असा अर्थ होत नाही. कुणाच्या घरात शिरलो आणि कुणाच्या नाही, यावर तो ठरतो. मजा बघा, याच शिकागोत १९३० आणि ४० च्या दशकांत मांस कारखान्यांची युनियन उभी राहिली ती काळे-गोरे कामगार एकत्र आले म्हणूनच. सिंक्लेअरच्या पानांवरून ते कधीच कळलं नसतं.

जुना_मस्टर:

सावली, दोन्ही मुद्दे पूर्ण मान्य. दुसरा तर मी आधीच लिहायला हवा होता असा आहे.

पानगळ, यर्गिस पुसट का, यावर माझं उत्तर थोडं वेगळं आहे. दिवसाचे दहा-बारा तास कामात आणि उरलेले थकव्यात जात असतील तर माणसाचा स्वभाव दिसायला जागा कुठे राहते? पहिल्या प्रकरणात तो चांगला ठसठशीत आहे. अडचण आली की “मी आणखी काम करीन” म्हणणारा. तेच वाक्य पुढे त्याच्या तोंडून गळून पडतं. माणूस पुसट होत जाणं हीच तर गोष्ट आहे. पण मी वकिली करत नाही. लेखकाला संवाद फारसे जमत नाहीत, हे खरं आहे, आणि शेवट मलाही जड गेला. कारण तिथे घराच्या हिशेबाचे आकडे जवळजवळ थांबतात. भाषणात क्रांती आहे, पण यर्गिस आता हॉटेलात हमाली करून मिळवलेल्या पैशांतून एल्झबिएटाच्या घरी किती देतो, यात लेखकाला रस उरलेला नाही. ज्या पानांवर पैसे मोजणं थांबतं तिथे ही कादंबरी ढिली पडते, असं मला दिसलं.

माणसंही ठसठशीत आणि कारखानाही खरा, असं एकत्र हवं असेल तर थॉमस बेलची ‘आउट ऑफ धिस फर्नेस’ घ्या, १९४१ ची. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडॉकच्या पोलाद कारखान्यातली स्लोवाक माणसं, तीन पिढ्या. बेल त्याच गावात, त्याच समाजात जन्मला, त्यामुळे त्याला पाहुण्यासारखं बघावं लागत नाही. त्यातली माणसं हसतात, चुका करतात, प्रेमात पडतात, आणि भट्टीही पानापानावर आहे. शेवट १९३७ मध्ये होतो, कंपनीला युनियन मानावी लागते तेव्हा. तो शेवट भाषणाचा नाही, कारण तिथवर पोचायला त्या घराने पन्नासेक वर्षं घातलेली आपण वाचलेली असतात. दुसरी, पिएत्रो दि दोनातोची ‘क्राइस्ट इन काँक्रीट’, १९३९. इटालियन गवंडी. बाप गुड फ्रायडेला बांधकाम कोसळून गाडला जातो आणि बारा वर्षांचा मुलगा थापी हातात घेतो. लेखकाचा बाप खरोखर तसाच गेला होता, १९२३ मध्ये. भाषा अवघड आहे, इटालियन बोलण्याच्या लयीत लिहिलेली, पण सिमेंटच्या त्या प्रसंगातून मी एका बैठकीत बाहेर पडू शकलो नाही. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, १८६१ मध्ये, रेबेका हार्डिंग डेव्हिस या बाईंनी ‘लाइफ इन द आयर्न मिल्स’ लिहिली. लांबट कथा आहे. भट्टीवरचा वेल्श कामगार लोखंडाच्या मळीतून एका भुकेल्या बाईचा पुतळा कोरतो. कारखाना बघायला आलेली मोठी मंडळी त्या पुतळ्यावर चर्चा करतात आणि निघून जातात. सावली, तुम्हाला ती आवडेल, तुमचे पाहुणे तिथेही आहेत.

गटासाठी मी तीन प्रकरणं सुचवीन. पहिलं, लग्नाचं. सहावं, ज्यात ती शेजारीण घराचा इतिहास सांगते: त्याच घरात आधी जर्मन, मग आयरिश, मग बोहेमियन (चेक), मग पोलिश कुटुंब, प्रत्येकाला नवं म्हणून विकलेलं आणि बहुतेकांकडून काढून घेतलेलं. कारखान्यातही माणसं त्याच क्रमाने आली. आधीच्या लोकांनी युनियन केली, पगार मागितला, की त्यांच्याहून गरीब देशातून पुढची खेप. आता लिथुएनियन जुने होत आहेत आणि स्लोवाक येऊ लागलेत, असं म्हातारी सांगते. परदेशातून आलेल्या माणसाची गरिबी कारखान्याला कशी उपयोगी पडते हे मी इतक्या थोडक्यात दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि तिसरं आठवं, मोडक्या वेळेचं. त्यासोबत संपाचं २६ वं घ्या म्हणजे सावलीचा मुद्दाही पुस्तक समोर ठेवून बोलता येईल.

अर्धविराम:

मी शेवट चाळला होता, पण मारियाची ती भेट माझ्याकडून नीट वाचली गेली नव्हती. काल रात्री वाचली. सावली म्हणतात ते बरोबर आहे, तिथे लेखक गप्प राहतो. फक्त भाषणांसाठी सगळा उत्तरार्ध उडवून लावणं योग्य नाही.

पानगळ:

ठरलं. पहिलं, सहावं, आठवं आणि २६ वं. सहाव्या प्रकरणाआधी सगळ्यांना कोरा कागद देणार आहे आणि हप्त्याचा हिशेब आपापला मांडायला सांगणार आहे, तुमचे आकडे आधी न सांगता. ज्यांचा आक्षेप होता त्यांनाच आठवं मोठ्याने वाचायला देते. ‘आउट ऑफ धिस फर्नेस’ पुढच्या महिन्यासाठी सुचवते आहे. कुणाकडे त्याची माहिती असेल, विशेषतः मधल्या पिढीतल्या माईक आणि मेरीच्या भागाबद्दल, तर इथेच लिहा.